एनपीएम इन्स्टॉल पुन्हा पुन्हा फुटतंय? लॉक फाइल उडवण्याआधी हे तपासा

प्रोजेक्ट काल चालत होता. आज कोणाची तरी ब्रँच मर्ज झाली, तुम्ही पुल केलं, एनपीएम इन्स्टॉल (नोड प्रोजेक्टला लागणारी पॅकेजं उतरवून बसवणारी कमांड) मारलं आणि टर्मिनल लालेलाल. टीमच्या ग्रुपवर विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "नोड_मॉड्यूल्स आणि पॅकेज-लॉक दोन्ही उडव, परत इन्स्टॉल कर, चालेल." आणि खरंच चालतं. गोची तिथेच आहे. थोड्या दिवसांनी तीच लाल अक्षरं परत येतात, या वेळी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर किंवा थेट बिल्ड सर्व्हरवर.

या सल्ल्याचा पहिला अर्धा भाग निरुपद्रवी आहे. नोड_मॉड्यूल्स हवं तितक्या वेळा उडवा, ते उतरवलेल्या पॅकेजांचं फोल्डर पुन्हा बनण्यासाठीच असतं. दुसरा अर्धा भाग मात्र पुढच्या बिघाडाची तजवीज करून ठेवतो. पॅकेज-लॉक.जेसन खरोखर उडवावी लागते असे प्रसंग मोजकेच, आणि त्यातला एक पुढे सविस्तर दिला आहे. बाकी सगळीकडे त्या फाइलला हात न लावता मार्ग निघतो.

लॉक उडवली की नेमकं काय होतं

पॅकेज.जेसनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत, आपण बहुतेक वेळा मर्यादा लिहितो, नेमकी आवृत्ती नाही. "^४.१७.१" याचा अर्थ ४.१७.१ किंवा तिच्यापुढची, पण ५.०.० च्या आतली कुठलीही. "~४.१७.१" असेल तर ४.१८.० च्या आतली. शून्याने सुरू होणाऱ्या आवृत्त्यांना टोपीचं चिन्ह जास्त कडक असतं: "^०.२१.१" फक्त ०.२२.० च्या आतच फिरतं. वाण्याला दिलेल्या यादीत नुसतं "चहा पावडर, अर्धा किलो" असतं. कुठला ब्रँड आणि कितीचा पुडा ते बिलावर कळतं. पॅकेज-लॉक म्हणजे ते बिल. प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती, ते कुठल्या पत्त्यावरून उतरवलं आणि त्याचा हॅश (फाइल तीच आहे हे पडताळण्याचा ठसा), सगळं त्यात. तुम्ही स्वतः तीस पॅकेजं मागितली असली तरी त्यांची पिल्लावळ धरून लॉकमध्ये हजारेक नोंदी सहज होतात.

ती फाइल आणि नोड_मॉड्यूल्स दोन्ही उडवून इन्स्टॉल केलं की या सगळ्या नोंदी आजच्या तारखेला मर्यादेत बसणाऱ्या नव्या आवृत्त्यांवर सरकतात. अडचण एका पॅकेजची होती, ती सुटली. सोबत आणखी कितीतरी पॅकेजं कोणी न बघता बदलली. पुल रिक्वेस्टमध्ये लॉकचा फरक गिटहब आपोआप दुमडून ठेवतो, त्यामुळे तो उघडून वाचणारा विरळाच. पुढे तारखेचा फॉरमॅट बिघडला किंवा एखादी टेस्ट अधूनमधून पडायला लागली, तर त्याचं मूळ या कमिटमध्ये आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नसतं.

सुरक्षेची बाजू याहून गंभीर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबग यांसारखी जगभर वापरली जाणारी पॅकेजं सांभाळणाऱ्याचं खातं फिशिंगने ताब्यात गेलं आणि दूषित आवृत्त्या रजिस्ट्रीवर, म्हणजे पॅकेजं जिथून उतरतात त्या कोठारात, आल्या. त्या लवकरच काढल्या गेल्या. पण मधल्या वेळात ज्यांनी लॉक उडवून इन्स्टॉल केलं, त्यांच्यासाठी दार सताड उघडं होतं. लॉकवर बोट ठेवून बसलेल्यांच्या मशीनवर जुनी, स्वच्छ आवृत्तीच उतरत राहिली.

लॉक फाइल एनपीएममध्ये आली ती पाचव्या आवृत्तीत, मे २०१७ मध्ये. फेसबुकने यार्न हे एनपीएमसारखंच साधन आणि त्याची लॉक फाइल ऑक्टोबर २०१६ मध्येच आणली होती, त्या स्पर्धेचा रेटा उघड दिसतो. सुरुवातीच्या महिन्यांत एनपीएमच्या लॉकचं वागणंही धड नव्हतं, कधी पॅकेज.जेसनचं ऐकायचं, कधी नाही. "उडवून टाक" ही सवय त्या काळातली असावी, असा माझा तर्क आहे. साधन सुधारलं, सवय राहिली.

पहिली दोन मिनिटं

लाल ओळींचा ढीग दिसला की नजर सर्वात खालच्या ओळीवर जाते, आणि तिथे फक्त पूर्ण लॉग कुठे ठेवला आहे एवढंच असतं. कामाची ओळ वर असते: "कोड" या शब्दानंतर ईरिझॉल्व्ह, ईअ‍ॅक्सेस, ईइंटिग्रिटी असं काहीतरी. रोग कुठला ते तिथे कळतं. त्याआधी सगळ्यांनाच लागू पडणारी ही तपासणी करा:

नोड -व्ही
एनपीएम -व्ही
गिट स्टेटस

पहिल्या दोन ओळींची उत्तरं जिथे चालतंय त्या मशीनशी ताडून बघा. तिसरीत पॅकेज-लॉक.जेसन बदललेली दिसली आणि तुम्ही मुद्दाम काही बदललं नसेल, तर ती परत मूळपदावर आणा आणि स्वच्छ बसवा:

गिट रिस्टोअर पॅकेज-लॉक.जेसन
एनपीएम सीआय

ग्रुपवरच्या त्या ठरलेल्या उत्तराच्या जागी या दोन ओळी पाठ करून ठेवा. एनपीएम सीआय ही कमांड २०१८ मध्ये आली. ती नोड_मॉड्यूल्स स्वतःच उडवते, लॉकमध्ये लिहिलंय तेच बसवते आणि दोन्ही फाइलींत काहीही बदलत नाही. दोन फाइलींचा मेळ नसेल तर थांबते. नावातल्या सीआयमुळे ती फक्त बिल्ड सर्व्हरसाठी आहे असं अनेकांना वाटतं. लॅपटॉपवर ती तितकीच उपयोगाची आहे. या दोन ओळींनी काम झालं, तर बिघाड फक्त तुमच्या फोल्डरपुरता होता. पुढचं वाचायची गरज नाही.

ईरिझॉल्व्ह: सगळ्यात जास्त भेटणारा

नोड १४ वर सुखाने चाललेला प्रोजेक्ट कोणीतरी नोड १६ किंवा त्यापुढे नेतो, कोडची एक ओळ बदललेली नसते, तरी इन्स्टॉल होत नाही. कारण नोडसोबत एनपीएमही बदललं. तिसऱ्यापासून सहाव्या आवृत्तीपर्यंत एनपीएम पीअर डिपेन्डन्सी (एखाद्या पॅकेजला सोबत हवी असलेली दुसऱ्या पॅकेजची आवृत्ती) जुळली नाही तर पिवळी सूचना देऊन पुढे जायचं. ऑक्टोबर २०२० मधल्या सातव्या आवृत्तीपासून ते पीअर डिपेन्डन्सी स्वतः बसवायला लागलं, आणि थेट मागितलेल्या पॅकेजमध्ये मेळ बसला नाही तर हात वर करायला लागलं. म्हणजे भांडण जुनंच होतं. आता ते ऐकू येतं एवढंच.

संदेश वाचायला अवघड वाटतो, पण त्यात दोनच जागा बघायच्या असतात. "फाउंड" च्या पुढे सध्या तुमच्याकडे काय आहे ते, आणि "कुड नॉट रिझॉल्व्ह डिपेन्डन्सी" च्या खाली "पीअर" लिहिलेल्या ओळीत कोणाला काय हवं आहे ते. ठळक उदाहरण: रिअ‍ॅक्ट १८ वर गेलेल्या प्रोजेक्टमध्ये @मटेरियल-यूआय/कोअर ची चौथी आवृत्ती. "फाउंड" मध्ये रिअ‍ॅक्ट १८ दिसतं, "पीअर" मध्ये "^१६.८.० || ^१७.०.०". त्या पॅकेजला रिअ‍ॅक्ट १८ माहीतच नाही, आणि पुढे कधी माहीत होणारही नाही, कारण पाचव्या आवृत्तीपासून ते @एमयूआय/मटेरियल या नव्या नावाने येतं. इथे कितीही वेळा लॉक उडवली तरी उपयोग शून्य. भांडण पॅकेज.जेसनमध्ये आहे.

मग करायचं काय? आधी कोण कोणाला आणतंय ते विचारा:

एनपीएम एक्स्प्लेन रिअ‍ॅक्ट
एनपीएम व्ह्यू पॅकेजचं-नाव पीअरडिपेन्डन्सीज

पहिली कमांड रिअ‍ॅक्ट कुणामुळे आलं ती साखळी दाखवते, दुसरी त्या पॅकेजच्या ताज्या आवृत्तीला आज काय चालतं ते सांगते. बऱ्याचदा नवी आवृत्ती तुमच्या रिअ‍ॅक्टला जुळणारी निघते. ती घ्यायची, विषय संपला. नवी आवृत्तीच नसेल आणि पॅकेज बेवारस पडलं असेल, तर पर्यायी पॅकेज शोधायचं किंवा रिअ‍ॅक्टची उडी पुढे ढकलायची. हे सांगितलेलं मॅनेजरला आवडत नाही, पण प्रामाणिक उत्तर तेवढंच आहे.

कधी कधी पॅकेज प्रत्यक्षात नव्या रिअ‍ॅक्टवर नीट चालतं, फक्त लेखकाने मर्यादा वाढवलेली नसते. तुम्ही ते चालवून पाहिलं असेल तर पॅकेज.जेसनमध्ये ओव्हरराइड्स लिहा. एनपीएम ८.३ पासून ही सोय आहे:

"ओव्हरराइड्स": {
  "ते-जुनं-पॅकेज": {
    "रिअ‍ॅक्ट": "$रिअ‍ॅक्ट"
  }
}

डॉलरचं चिन्ह म्हणजे "माझ्या डिपेन्डन्सीत जी आवृत्ती लिहिली आहे तीच". सवलत फक्त त्या एका पॅकेजपुरती राहते आणि सगळ्यांना फाइलीत दिसते.

आता --लेगसी-पीअर-डेप्स. इंटरनेटवरचं प्रत्येक दुसरं उत्तर हे आहे. त्याने एनपीएम पीअर डिपेन्डन्सीकडे पूर्ण कानाडोळा करतं, सगळ्याच पॅकेजांच्या, फक्त भांडणाऱ्या जोडीच्या नाही. मी त्याला कायमचा निषिद्ध मानत नाही. मोठं स्थलांतर अर्ध्यावर असताना तो पूल म्हणून चालतो. पण एक सापळा आहे आणि बहुतेक "लोकलला चालतं, सर्व्हरवर नाही" त्यातूनच निघतं. तुम्ही हा फ्लॅग लावून इन्स्टॉल केलं की लॉकची रचनाच वेगळी बनते. बिल्ड सर्व्हरवर नुसतं एनपीएम सीआय चाललं तर त्याला दोन फाइलींचा मेळ दिसत नाही आणि ते पडतं. फ्लॅग वापरायचाच असेल तर प्रोजेक्टच्या मुळाशी .एनपीएमआरसी ही एनपीएमच्या सेटिंगची फाइल ठेवा, तिच्यात एक ओळ लिहा आणि ती कमिट करा:

लेगसी-पीअर-डेप्स=ट्रू

म्हणजे सगळ्या मशीनवर एकच नियम. --फोर्स हा याचा भाऊ नाही, जरी लोक दोन्ही एकमेकांच्या जागी सुचवतात. तो भांडणारी जोडी तशीच बसवतो आणि इतरही काही संरक्षणं बाजूला सारतो. सवयीने वापरू नका.

"पॅकेज.जेसन आणि लॉकचा मेळ नाही"

एनपीएम सीआय असं म्हणून थांबलं तर चिडू नका, ते त्याचं कामच करतंय. बहुधा कोणीतरी पॅकेज.जेसनमध्ये हाताने आवृत्ती बदलली आणि इन्स्टॉल न चालवता कमिट केलं, किंवा इन्स्टॉल केलं पण गिट अ‍ॅड करताना लॉक विसरली. ज्याने बदल केला त्याने आपल्या ब्रँचवर एनपीएम इन्स्टॉल चालवून दोन्ही फाइली एकत्र कमिट कराव्यात. एनपीएम इन्स्टॉल लॉकला विचारत नाही असा एक समज आहे, तो चुकीचा. लॉकमधली आवृत्ती मर्यादेत बसत असेल तर ते तीच घेतं. बसत नसेल तिथेच बदल करतं. म्हणून इथेही फाइल उडवायची गरज पडत नाही.

याच घरातला दुसरा त्रास म्हणजे काहीही न करता लॉकमध्ये हजारो ओळींचा फरक दिसणं. फाइलच्या सुरुवातीला लॉकफाइलव्हर्जन हा आकडा बघा. एनपीएम ५ आणि ६ तिथे १ लिहायचे, ७ आणि ८ यांनी २ लिहिलं, ९ पासून नव्या फाइलीत ३ येतं. नवं एनपीएम १ ची फाइल आपणहून नव्या स्वरूपात बदलतं. टीममध्ये एकजण एनपीएम ६ वर आणि बाकीचे ९ वर असतील तर ही फाइल प्रत्येक कमिटला रूप पालटत राहते. उपाय फाइलीत नाही, सगळ्यांचं नोड एका आवृत्तीवर आणण्यात आहे.

लॉकमध्ये मर्ज कॉन्फ्लिक्ट

हाताने सोडवायला बसू नका. हॅशच्या ओळी इकडच्या तिकडे गेल्या की पुढे ईइंटिग्रिटी ठरलेली. पॅकेज.जेसनमधला कॉन्फ्लिक्ट तेवढा डोळ्यांनी बघून सोडवा, लॉक जशी आहे तशी, खुणांसकट राहू द्या, आणि हे चालवा:

एनपीएम इन्स्टॉल --पॅकेज-लॉक-ओन्ली

एनपीएमला कॉन्फ्लिक्टच्या खुणा ओळखता येतात. ते दोन्ही बाजू वाचून फाइल पुन्हा जुळवतं. मग गिट अ‍ॅड आणि पुढे.

जिथे उडवावीच लागते: मॅकवर चालतं, लिनक्सवर रोलअप सापडत नाही

व्हीट, रोलअप ही कोड एकत्र बांधणारी साधनं वापरणाऱ्यांना हे हमखास भेटतं. लॅपटॉपवर सगळं ठीक, सर्व्हरवर "@रोलअप/रोलअप-लिनक्स-एक्स६४-जीएनयू हे मॉड्यूल सापडत नाही". त्याच संदेशात पुढे एनपीएमच्या ऐच्छिक डिपेन्डन्सीच्या दोषाचा उल्लेख असतो, ४८२८ हा इश्यू क्रमांक असतो, आणि चक्क पॅकेज-लॉक व नोड_मॉड्यूल्स दोन्ही काढून पुन्हा इन्स्टॉल करा असा सल्लाही असतो. म्हणजे आपल्या ग्रुपवरचं उत्तर इथे खुद्द साधनच देतं!

आतली गोष्ट अशी. रोलअपच्या चौथ्या आवृत्तीपासून त्याचा काही भाग प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी वेगळा संकलित करून वेगळ्या पॅकेजमध्ये येतो: मॅकचा वेगळा, विंडोजचा वेगळा, लिनक्सचे जीएनयू आणि मसल (मूळ सी लायब्ररीचे दोन प्रकार) असे वेगवेगळे. ही सगळी ऐच्छिक डिपेन्डन्सी म्हणून नोंदलेली असतात. लॉकमध्ये सगळ्यांची नोंद हवी, बसवताना फक्त आपल्या प्लॅटफॉर्मचं बसतं. पण नोड_मॉड्यूल्स जागेवर असताना फक्त लॉक उडवून इन्स्टॉल केलं, तर एनपीएम समोर बसलेल्या फोल्डरवरून नवी लॉक बनवतं. मॅकच्या फोल्डरमध्ये मॅकचाच तुकडा असतो. नव्या लॉकमधून लिनक्सची नोंद गायब होते, आणि सर्व्हर बिचारा जे लिहिलंय तेच बसवतो.

थोडक्यात, अर्धवट उडवण्यातूनच हा रोग लागतो. त्यामुळे दुरुस्तीचा माझा क्रम असा. गिटच्या इतिहासात लॉकची शेवटची चांगली प्रत शोधा, जिच्यात लिनक्सची नोंद आहे:

गिट लॉग --वनलाइन -- पॅकेज-लॉक.जेसन
गिट चेकआउट कमिटचा-क्रमांक -- पॅकेज-लॉक.जेसन

मग नोड_मॉड्यूल्स काढा आणि एनपीएम इन्स्टॉल चालवा. मधल्या काळात वाढलेली पॅकेजं तेवढी भर पडतील, बाकीचं हलणार नाही. अशी चांगली प्रत कधीच नव्हती असं दिसलं तर मात्र दोन्ही एकाच वेळी उडवा, पुन्हा बसवा, लॉकमध्ये "लिनक्स-एक्स६४" शोधून नोंद आली का ते बघा आणि टेस्ट पूर्ण चालवूनच कमिट करा.

डॉकर वापरत असाल तर आणखी दोन गोष्टी. लॅपटॉपवरचं नोड_मॉड्यूल्स इमेजमध्ये कॉपी होत नाही ना ते बघा; .डॉकरइग्नोअरमध्ये त्याचं नाव हवं. आणि अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या इमेजला जीएनयू नाही, मसलचा तुकडा लागतो, तेव्हा संदेशातलं नाव शेवटपर्यंत वाचा.

बाकीचे पाहुणे

ईअ‍ॅक्सेस आला की सुडो (प्रशासकाच्या, म्हणजे रूटच्या अधिकाराने चालवणं) लावायचा मोह होतो. एकदा लावला की होम फोल्डरमधल्या .एनपीएमच्या काही फाइली रूटच्या मालकीच्या होऊ शकतात आणि मग साधं इन्स्टॉलही अडतं. मालकी परत घ्या (सुडो चोन -आर, पुढे आपलं युजरनेम आणि .एनपीएमचा पत्ता) आणि नोड एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) बसवा, म्हणजे ग्लोबल पॅकेजंही आपल्याच घरात राहतात.

ईइंटिग्रिटी म्हणजे उतरलेली फाइल आणि लॉकमधला हॅश जुळत नाहीत. एनपीएम कॅश व्हेरिफाय चालवा; कॅश सरसकट पुसायची गरज पाचव्या आवृत्तीपासून क्वचितच पडते. नाही सुटलं तर लॉकमधली ती नोंद मर्जमध्ये खराब झाली का ते गिट डिफने बघा. कंपनीच्या खासगी रजिस्ट्रीवर कोणीतरी त्याच क्रमांकाने पॅकेज पुन्हा चढवलं असेल तरी हे होतं. सार्वजनिक रजिस्ट्री एकदा वापरलेला क्रमांक परत वापरू देत नाही, त्यामुळे तिथून आलेल्या पॅकेजचा हॅश खरोखर जुळत नसेल तर घाईघाईने लॉक नवी करू नका. मध्ये कोण बसलंय ते आधी शोधा.

ऑफिसात चालतं, घरून व्हीपीएनशिवाय इन्स्टॉल लटकतं? लॉकमध्ये "रिझॉल्व्ह्ड" शोधा. तिथे कंपनीच्या अंतर्गत मिररचा पत्ता दिसला तर उत्तर मिळालं. एनपीएम मुळात फक्त सार्वजनिक रजिस्ट्रीचा पत्ता आपल्या सेटिंगप्रमाणे बदलून घेतं, बाकीचे पत्ते जसेच्या तसे ठेवतं. व्हीपीएन लावा, किंवा रिप्लेस-रजिस्ट्री-होस्ट हे सेटिंग ऑलवेज करून पाहा. आणि ऑफिसच्या प्रॉक्सीमुळे सर्टिफिकेटची तक्रार येत असेल तर स्ट्रिक्ट-एसएसएल बंद करू नका. आयटी विभागाकडून सर्टिफिकेटची फाइल मागून कॅफाइल या सेटिंगमध्ये तिचा पत्ता द्या.

सर्व्हरवर "व्हीट सापडत नाही" किंवा "टीएससी (टाइपस्क्रिप्टचा कंपायलर) सापडत नाही" आलं तर नोड_एनव्ही हे सेटिंग प्रॉडक्शन आहे का ते बघा. त्यात डेव्हडिपेन्डन्सीज, म्हणजे फक्त कोड लिहिताना आणि बिल्ड करताना लागणारी पॅकेजं, बसतच नाहीत. बिल्ड तिथेच करायचा असेल तर एनपीएम सीआय --इन्क्लूड=डेव्ह.

परत येऊ नये म्हणून

बिल्ड सर्व्हर आणि डॉकरफाइलमध्ये जिथे जिथे एनपीएम इन्स्टॉल आहे तिथे एनपीएम सीआय करा. या एका बदलाने अर्ध्याहून जास्त कटकट कमी होते, असा माझा अनुभव. .एनव्हीएमआरसीमध्ये नोडची आवृत्ती लिहा, पॅकेज.जेसनमध्ये इंजिन्स भरा आणि .एनपीएमआरसीमध्ये इंजिन-स्ट्रिक्ट=ट्रू ठेवा; नुसतं इंजिन्स लिहिलं तर एनपीएम फक्त पिवळी सूचना देतं आणि पिवळ्याकडे कोणी बघत नाही. पॅकेजं अद्ययावत करायची असतात तेव्हा एनपीएम आउटडेटेड बघून एकेक किंवा लहान गटाने करा, वेगळ्या कमिटमध्ये. एनपीएम ऑडिट फिक्स --फोर्स यापासून चार हात लांब राहा, ते मेजर आवृत्त्याही बदलून मोकळं होतं.

एवढं करूनही अडलंच आणि मदत मागायची वेळ आली, तर स्क्रीनचा फोटो टाकू नका. नोड आणि एनपीएमची आवृत्ती, "कोड" ची ओळ, एनपीएम एक्स्प्लेनचं उत्तर आणि लॉकफाइलव्हर्जनचा आकडा मजकूर म्हणून द्या. आणि .एनपीएमआरसी चिकटवणार असाल तर तिच्यातलं टोकन आधी काढा.